ऑफर आली, पण मुलगा फळ्यावर कितवा आहे?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. डॅलसजवळ फ्रिस्कोत राहणारे एक गृहस्थ विचारतात: मुलगा हायस्कूलच्या ज्युनिअर वर्षात आहे, म्हणजे आपल्या अकरावीत. उंची ६ फूट, वजन २०५ पौंड. दोन वर्षं अमेरिकन फुटबॉलमध्ये सेफ्टी (बचाव फळीत सगळ्यांत मागे उभा राहणारा) खेळला, या मोसमात कोचने त्याला लाइनबॅकर (त्याच फळीत पुढे, मधोमध उभा राहणारा) केलं. सप्टेंबरपासून कॉलेजांचे मेसेज येत आहेत. एका मोठ्या कॉलेजच्या ‘ज्युनिअर डे’ला, म्हणजे अकरावीच्या मुलांना कॉलेज दाखवायच्या दिवशी, सगळं घर गेलं होतं, तिथे कोचने खांद्यावर हात ठेवून ‘तुला आमची ऑफर आहे’, म्हणजे खेळाच्या शिष्यवृत्तीची, असं सांगितलं आणि पहिलं वर्ष रेडशर्ट करू, म्हणजे सामन्यांत जवळजवळ न खेळवता सरावात ठेवू, असंही म्हणाला. ऑफर धरून चालायचं का? जागा बदलल्यामुळे मुलाचं नुकसान झालं का? आणि रेडशर्ट म्हणजे एक वर्ष फुकट गेलं का?

मी मूळचा सांगलीचा. तिकडे कॉलेजात कबड्डी खेळलो, शिकायला अमेरिकेत आलो आणि खर्चाला हातभार म्हणून विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या फिल्म रूममध्ये तासावर काम धरलं. फुटबॉल म्हणजे इथला, अंडाकृती चेंडूचा. पुढे टेक्सासमध्ये शिक्षक झालो आणि गेली सतरा वर्षं हायस्कूलच्या संघात लाइनबॅकर घडवतो. त्यामुळे या व्यवहाराच्या दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत.

कॉलेजच्या रिक्रूटिंगच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या, खोलीत भिंतभर फळा असतो. त्यावर जागांप्रमाणे रकाने असतात: क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा), रिसीव्हर (तो झेलणारा), टॅकल, लाइनबॅकर, कॉर्नर. प्रत्येक रकान्यात आजच्या खेळाडूंच्या नावांच्या चुंबकी पट्ट्या, कोण कोणत्या वर्षाला आहे त्या क्रमाने लावलेल्या. दोन लाइनबॅकर बाहेर पडणार असतील तर तिथे दोन रिकाम्या जागा. बाजूला हव्या असलेल्या मुलांची यादी, पहिल्यापासून दहाव्या-बाराव्यापर्यंत. जागा दोन असल्या तरी ऑफर त्या सगळ्या मुलांना गेलेली असते, कारण वरचे चार-पाच जण दुसरीकडे जाणार हे कोच गृहीत धरूनच चालतो. रात्री मी पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ लावून ठेवायला जायचो तेव्हा संध्याकाळी चौथी असलेली पट्टी सकाळी सहावी झालेली दिसायची. त्या मुलाच्या घरी मात्र तोच आनंद चालू असायचा.

तुमच्या मुलाला ऐकवलेलं वाक्य खोटं नाही. पण तो फळ्यावर दुसरा आहे की नववा, हे त्या वाक्यातून कळत नाही, आणि तुम्हाला शोधायचं आहे ते हेच.

नियम काय सांगतात तेही पाहा. एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची नियामक संस्था, लेखी ऑफर सिनिअर वर्षाच्या १ ऑगस्टच्या आधी देऊ देत नाही. सही होते ती डिसेंबरमधल्या सुरुवातीच्या मुदतीत किंवा फेब्रुवारीत. डिसेंबरची मुदत २०१७ पासून आहे आणि आता बहुतेक जागा तिथेच भरतात. पूर्वी ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नावाचा कागद असायचा, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला. आता कॉलेजशी थेट शिष्यवृत्तीचा करार होतो. या सहीआधीचं सगळं तोंडी. मुलाने ‘कमिट’ केलं, म्हणजे येईन असा शब्द दिला, तरी ते तोंडी, कोचने दिलेला शब्दही तोंडी.

म्हणून मुलाने स्वतः कोचला एकच प्रश्न विचारायचा: ‘मी आज हो म्हटलं तर तुम्ही आज मला घेता का?’ याला इथे ऑफर ‘कमिटेबल’ आहे का असं म्हणतात. उत्तर सरळ ‘हो’ आलं तर पट्टी वर आहे. ‘जूनमध्ये कॅम्पला ये, डोळ्यांनी बघू दे’ किंवा ‘सिनिअर वर्षाचे पहिले चार सामने पाहू’ असं आलं तर पट्टी मधल्या फळीत आहे. हा प्रश्न तुम्ही विचारू नका. वडील बोलले की कोच गोड बोलतो, मुलगा बोलला की बरंचसं खरं बोलतो. तुम्ही शेजारी बसा, लिहून घ्या.

एका मुलाचं सांगतो, अजून आठवलं की घशाशी येतं. माझा लाइनबॅकर, मन लावून खेळणारा. जूनमध्ये एका कॉलेजला शब्द दिला आणि बाकीच्यांचे फोन घ्यायचे बंद केले. शब्द म्हणजे शब्द असं त्याच्या घरातलं वळण होतं. ऑक्टोबरमध्ये त्या कॉलेजने आणखी दोन लाइनबॅकर घेतले. आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं, मलाही. सहीच्या आठ दिवस आधी फोन आला: जागा भरल्या, तू ‘ग्रेशर्ट’ हो, म्हणजे ऑगस्टऐवजी पुढच्या जानेवारीत प्रवेश घे, तोवर शिष्यवृत्ती नाही. तो मुलगा माझ्या वर्गात मागच्या बाकावर डोक्यावर टोपी ओढून बसला होता आणि मी फोनवर फोन लावत होतो. जूनमध्ये ज्यांनी त्याला मागितलं होतं त्यांच्याकडेही एव्हाना जागा उरल्या नव्हत्या. शेवटी एका लहान कॉलेजात गेला, चार वर्षं खेळला, शिकला. पण तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला सांगतो: शब्द दिला तरी उरलेली दारं सहीपर्यंत उघडी ठेवा, आणि तुमच्या कॉलेजने त्याच जागेवर आणखी कोणाला घेतलं यावर दर आठवड्याला नजर ठेवा. यात अप्रामाणिकपणा काही नाही. समोरचाही तेच करतो आहे.

सप्टेंबरपासून आलेल्या मेसेजचं फार मनावर घेऊ नका. ज्युनिअर वर्षाच्या १ सप्टेंबरपासून कॉलेजांना असे मेसेज पाठवायची मुभा आहे, आणि ते एका कळीवर शेकडो मुलांना जातात. प्रश्नावली, रंगीत ग्राफिकमध्ये छापलेलं मुलाचं नाव, पैसे भरून यायच्या कॅम्पचं आमंत्रण, हे सगळं त्यातच आलं. लाइनबॅकर शिकवणारा कोच स्वतः मेसेज करून ‘त्या सामन्यात तिसऱ्या डावाला तू डावीकडे का गेलास?’ असं विचारतो तेव्हा समजा की त्याने व्हिडिओ खरंच पाहिला आहे.

आता मोजणी. कॉलेजच्या संकेतस्थळावर खेळाडूंची यादी आणि प्रत्येकाचं वर्ष असतं. लाइनबॅकर किती, त्यातले मुलगा तिथे पोचेल तेव्हा कितीजण असतील, गेल्या तीन वर्षांत हायस्कूलमधून किती घेतले आणि दुसऱ्या कॉलेजांतून किती आणले, हे कागदावर मांडा. शेवटचा आकडा आज सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

कारण गेल्या सात-आठ वर्षांत या खेळाचा बाजारच बदलला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं. म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदवही. २०२१ मध्ये एकदा बदलीनंतर वर्षभर बसायची अट गेली, २०२४ पासून अभ्यासात पात्र असाल तर कितीही वेळा बदला. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता येऊ लागलं, आणि जून २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजं थेट उत्पन्नातला वाटा देऊ लागली. त्याच तडजोडीत सामील कॉलेजांसाठी शिष्यवृत्त्यांची ८५ची मर्यादा गेली आणि संघच १०५ जणांचा ठरला. पूर्वी स्वखर्चाने खेळणारे ‘वॉक-ऑन’ धरून संघ १२० च्या पुढे जायचे. तुमच्या मुलासारख्या काठावरच्या मुलांचं जुनं मागचं दार म्हणजे हीच जागा होती, ती आता अरुंद झाली आहे.

कोचच्या जागी बसून पाहा. नोकरी टिकवायला त्याच्या हातात दोन-तीन मोसम असतात. समोर तुमचा सतरा वर्षांचा मुलगा आणि पोर्टलमधला बावीस वर्षांचा, तीस सामने खेळलेला गडी. इंडियाना विद्यापीठाचं उदाहरण ताजं आहे. २०२३ मध्ये हा संघ १२ पैकी ९ सामने हरला होता. कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आले, आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले डझनभर खेळाडू बरोबर घेऊन आले, पोर्टलमधून आणखी भरले. पुढच्या मोसमात ११ विजय, आणि २०२५ च्या मोसमात एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद. उद्याच्या शक्यतेपेक्षा कालची कामगिरी पाहायची, हे त्यांचं उघड धोरण आहे. हा निकाल पाहिल्यावर देशभरातल्या कोचांनी काय धडा घेतला असेल ते सांगायला नको.

जागा बदलण्याबद्दल मात्र निश्चिंत राहा. माझ्या मते तुमच्या कोचने मुलाचं भलंच केलं आहे.

कॉलेजचे संघ आता बहुतेक वेळ तीन-चार रिसीव्हर पसरून खेळतात. त्यांच्या मागे धावायला बचाव फळीत पाचवा बॅक, म्हणजे मागे राहून पास अडवणारा, आणावा लागतो, त्याला निकल म्हणतात, आणि तो येतो लाइनबॅकरला बाहेर बसवून. म्हणजे मैदानावर लाइनबॅकरच्या जागा तीनऐवजी बहुधा दोन. त्या दोघांना पास अडवताही यायला हवा. जुन्या पद्धतीचा अडीचशे पौंडांचा, सरळ समोर धडकणारा लाइनबॅकर तिथे उघडा पडतो. सेफ्टी खेळलेल्या मुलाला मागे पळत जाणं, चेंडू हवेत असताना वळणं, मोकळ्या मैदानात एकट्याने पकड करणं अंगवळणी पडलेलं असतं. क्लेमसन विद्यापीठाचा आयझायाह सिमन्स कॉलेजात सेफ्टी म्हणून आला. २०१६ चं पहिलं वर्ष रेडशर्ट झाला. मग लाइनबॅकर, निकल, सेफ्टी अशा सगळ्या जागांवर फिरला, आणि २०१९ मध्ये देशातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार त्याला मिळाला. पुढच्या वर्षी एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, आठव्या क्रमांकाला निवडला गेला. जे. जे. वॉट तर सेंट्रल मिशिगनला टाइट एंड (चढाईच्या फळीतला, पास झेलणारा) होता. ते सोडून विस्कॉन्सिनला वॉक-ऑन झाला, तिथे डिफेन्सिव्ह एंड (बचाव फळीच्या पुढच्या रांगेत टोकाला उभा राहणारा) झाला आणि २०११ मध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला.

तुमच्या मुलाला शिकायचं आहे ते डोळ्यांचं काम. सेफ्टी बारा-पंधरा यार्ड मागे उभा असतो, त्याला चित्र दिसायला वेळ मिळतो. लाइनबॅकर पाच यार्डांवर. समोरच्या गार्डने, म्हणजे चढाईच्या पुढच्या रांगेतल्या खेळाडूने, पाय उचलला की अर्ध्या सेकंदात ठरवायचं: धाव की पास. पकड करताना चढाईपटूच्या हाताकडे पाहू नकोस, कमरेकडे पाहा, असं आम्हाला कबड्डीत शिकवत. हात फसवतात, कंबर फसवत नाही. मी पोरांना इथे तेच सांगतो. मुलाचा व्हिडिओ पाहताना त्याचं पहिलं पाऊल पाहा. मागे पडत असेल तर तो अजून मनाने सेफ्टी आहे. वसंतातल्या सरावात ते सुटायला हवं.

कॉलेजचे कोच व्हिडिओ कसा पाहतात तेही सांगतो, मी त्यांच्या मागे उभा राहून शेकडो वेळा पाहिलं आहे. पहिले तीन-चार तुकडे बघतात. त्यात पटलं नाही तर पुढचा मुलगा. पटलं तर हायलाइट बंद करतात आणि पूर्ण सामना मागवतात. पूर्ण सामन्यात काय पाहतात? चेंडू पलीकडच्या बाजूला गेला तेव्हा हा काय करतो. धावतो की चालतो. चौथ्या सत्रात, वीस गुणांनी मागे असताना, दूरच्या बाजूची धाव अडवायला जो मुलगा तिरका पळत गेला, त्याचं नाव कोच कागदावर लिहितो. पकड त्याला मिळाली नसली तरी.

एप्रिल-मेमध्ये तेच कोच शाळेत येतात. मुलाशी बोलण्यावर नियमांची बंधनं असतात, म्हणून ते नजरेने मोजतात. मनगट, घोटे, खांद्यांची रुंदी पाहून अंगात आणखी वीस पौंड मावतील का याचा अंदाज घेतात. मग आम्हाला विचारतात, वजनं उचलायच्या खोलीची चावी ज्यांच्याकडे असते त्यांना विचारतात, समुपदेशक बाईंना विचारतात. एकदा एका कोचने आमच्या सफाई कामगाराला विचारलं होतं की खोली आवरून कोण जातं.

रेडशर्टची भीती काढून टाका. पाच वर्षांत चार मोसम खेळायचे, असा हिशोब आहे. २०१८ पासून नियम असा की चार सामन्यांपर्यंत खेळलात तरी ते वर्ष खर्ची पडत नाही. म्हणजे रेडशर्ट झालेला मुलगा बाकावर सडत नाही. आठवडाभर ‘स्काउट टीम’वर असतो, पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा खेळ पाठ करून पहिल्या फळीला सराव देतो, वजन वाढवतो आणि मोसमाच्या शेवटी तीन-चार सामन्यांत स्पेशल टीम्सवर, म्हणजे किकच्या वेळी धावणाऱ्या तुकडीत, उतरतो. नव्या लाइनबॅकरवर कोचचा विश्वास बसतो तो इथेच. २०५ चा मुलगा २२५ चा होऊन, सगळी सांकेतिक भाषा पाठ करून दुसऱ्या वर्षी उभा राहिला तर एक वर्ष कमावलं म्हणा. फक्त कोचला विचारा की गेल्या तीन वर्षांत तुम्ही रेडशर्ट केलेले लाइनबॅकर आज कुठे आहेत. खेळताहेत की पोर्टलमधून निघून गेले, यावरून सगळं कळतं.

तुम्ही पत्रात एक ओळ लिहिली आहे, ‘हायस्कूलच्या दोन सामन्यांत त्याला सुरुवातीला बसवलं, कोचचा राग आहे का?’ त्यावर मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण घराघरांत याच गोष्टीवरून मनं कडू होतात.

८ जानेवारी २०१८, अटलांटा, राष्ट्रीय अंतिम सामना. अलाबामा विरुद्ध जॉर्जिया, मध्यंतराला अलाबामा ०-१३ ने मागे. त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स, आपल्याच टेक्सासमधल्या चॅनेलव्ह्यूचा, वडिलांच्याच हाताखाली हायस्कूल खेळलेला. दोन मोसमांत फक्त दोन सामने हरलेला. अलाबामाचे कोच निक सेबन यांनी त्याला बसवलं आणि टुआ टॅगोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवलं. जॉर्जियाने धावण्याच्या वाटा बंद केल्या होत्या, आता चेंडू फेकणाराच हवा होता, एवढंच कारण. सामना जादा वेळेत गेला, टुआने ४१ यार्डांचा पास डेव्हॉन्टा स्मिथला दिला आणि अलाबामा २६-२३ ने जिंकली. हर्ट्स कडेला उभा राहून सगळ्यांत आधी आनंदाने उड्या मारत होता.

तो त्या वर्षी कुठे गेला नाही. डिसेंबरमध्ये त्याच मैदानात, त्याच जॉर्जियाविरुद्ध, संघ मागे असताना टुआ जखमी झाला. हर्ट्स उतरला, बरोबरी साधणारा पास फेकला, विजयी टचडाऊनसाठी स्वतः धावला, ३५-२८. नंतर ओक्लाहोमाला गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. कोचने बसवणं आणि कोचच्या मनातून उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी मुलांना बसवतो तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा समोरच्या संघाची रचना किंवा सरावात चुकलेली एखादी खूण हे कारण असतं. मुलाला पाठवा, त्याने विचारू दे: ‘कोच, पुढच्या आठवड्यात सुरुवातीला खेळायला मी काय करून दाखवू?’ तुम्ही भेटायला जाऊ नका.

शेवटी अभ्यास आणि दुसरी दारं. पात्रतेला एनसीएएचे १६ मुख्य विषय लागतात, त्यातले १० सिनिअर वर्ष सुरू होण्याआधी, आणि पहिल्या विभागासाठी (एनसीएएच्या तीन विभागांतला सगळ्यांत वरचा) त्यात किमान २.३ गुणसरासरी. तुमच्या मुलाला हे जड नाही, पण समुपदेशकांकडून यादी तपासून घ्या. एखादा आवडीचा विषय त्यात बसत नाही असं ऐनवेळी कळतं. त्याची गुणसरासरी चांगली आहे म्हणता, तर आयव्ही लीगलाही, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या विद्यापीठांच्या गटालाही, व्हिडिओ पाठवा. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसते, गरजेप्रमाणे आर्थिक मदत असते. तिसऱ्या विभागातही खेळाची शिष्यवृत्ती नाही, पण एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो विद्यापीठ तिथे फुटबॉल खेळतात. कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन पुरस्काराचा १९३५ चा पहिला विजेता जे बरवँगर शिकागोचाच. ज्यांना फक्त मोठ्या विभागाचं नाव हवं असतं त्यांना या जागा दिसतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आणि कोणी विचारलं नाही तरी घाबरू नका. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या शेतीच्या गावातला जॉश ॲलन, हायस्कूलमधून मोठ्या विभागातल्या एकाही कॉलेजने घेतला नाही. तो रीडली नावाच्या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, तिथून देशभरातल्या कोचांना स्वतः ईमेल पाठवत राहिला. वायोमिंगने घेतला. २०१८ मध्ये एनएफएलमध्ये सातव्या क्रमांकाला निवडला गेला.

या आठवड्यात एवढं करा. पाच तुकड्यांचा नवा व्हिडिओ, सगळे लाइनबॅकर म्हणून खेळलेले. पहिला तुकडा मोकळ्या मैदानातल्या पकडीचा, दुसरा पास अडवण्याचा, तिसरा पलीकडच्या बाजूला धावत जाण्याचा. गाणं नको. प्रत्येक तुकड्याआधी मुलाभोवती गोल. सोबत दोन पूर्ण सामने, त्यातला एक हरलेला. पंचवीस कॉलेजांच्या लाइनबॅकर कोचांना मुलाने स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या पत्त्यावरून पाठवायचा, आणि ‘ऑफर’ दिलेल्या कोचला तो एक प्रश्न विचारायचा. उत्तर काय आलं ते मला कळवा, पुढचं त्यावर ठरवू.